भारतात काविळीचं प्रमाण वाढतंय की घटतंय, याचा खात्रीचा आलेख कुठे मिळेल?

असा एकच आलेख नाही. कुणी दाखवलाच तर आधी विचारा, कुठल्या विषाणूचा? कावीळ हे लक्षण आहे, ती आणणारे हिपॅटायटिसचे विषाणू वेगवेगळे: ए, बी, सी, ई. ए आणि ई घाणेरड्या पाण्यातून येतात, बी आणि सी रक्तातून, बी तर आईकडून बाळालाही. या सगळ्यांची बेरीज करून काढलेली रेघ वर जावो नाहीतर खाली, तिचा उपयोग शून्य.

मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये २६ वर्षं काम केलं, म्हणून हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. आमची सोसायटी सिंहगड रस्त्याच्या बाजूला, ६४ फ्लॅटची. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पावसात ड्रेनेजचा चेंबर तुंबला आणि दोन दिवस वाहत राहिला. त्याला लागूनच जमिनीखालची पाण्याची टाकी. गणपती उठले त्याच आठवड्यात बी विंगमधल्या दोन मुलांना कावीळ झाली. महिनाअखेर चौदा पेशंट झाले. प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा. कुणी उसाच्या रसावर होतं, कुणी गळ्यात माळ घालून आलं होतं. सगळ्यांच्या कागदांवर बिलिरुबिन, एसजीपीटी या यकृताच्या तपासण्या होत्या, पण विषाणू कुठला हे एकाच्याही नाही. डॉक्टरांचं म्हणणं, औषध विश्रांतीच आहे, मग तपासणीचा खर्च कशाला? पेशंटपुरतं ते बरोबरही आहे.

मी वही घातली. विंग, मजला, लघवी पिवळी झाल्याची तारीख. चौदाही जण ए आणि बी विंगचे, त्या टाकीवरचे. सी विंगची टाकी वेगळी, तिथे एकही नाही. आणि चेंबर वाहिल्यापासून पहिल्या पेशंटपर्यंत सहा आठवडे, म्हणजे ई शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत जी मुदत लागते तिच्यात बसणारे. वही घेऊन दादाकडे गेले. माझा थोरला भाऊ तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होता. म्हणाला, "बोभाटा करू नकोस, दोघांनी फ्लॅट विकायला काढलेत."

ऑक्टोबरमध्ये त्याच्याच सुनेचे डोळे पिवळे झाले. सातवा महिना. रक्त मीच काढलं. ई चं आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे ई ची ताजी लागण. शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात, हे मला माहीत होतं, तिला सांगितलं नाही. नऊ दिवस आयसीयूत होती. वाचली. बाळ आठव्यात झालं, तेही वाचलं. दादा आजही म्हणतो, बाहेरचं काही खाल्लं असेल.

आमच्या लॅबमधून तो रिपोर्ट सरकारच्या साप्ताहिक नोंदीत गेलाच नाही. रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, पण खासगी दवाखान्यांतून तिथे फार थोडं पोचतं. म्हणजे त्या वर्षीच्या आकड्यांत आमची सोसायटी नाही. असे चौदा-चौदा किती गळाले असतील, विचार करा.

दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी ई विषाणू कुणाला ठाऊकच नव्हता. पण रक्ताचे नमुने जपून ठेवले होते, म्हणून पुढे पंचवीसेक वर्षांनी कळलं की ती ए ची साथ नव्हती. तपासणीचं मोल हे आहे.

बी आणि सी तर काविळीच्या नोंदीत सापडतच नाहीत, कारण बहुतेकांना वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. त्यासाठी रक्ताची पाहणी करावी लागते. २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतल्या नमुन्यांत बी ०.९५ टक्के निघाला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज २ कोटी ९८ लाख, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. हे दोन आकडे एका रेघेने जोडून 'दुप्पट झाला' म्हणणं साफ चूक आहे, मोजायची पद्धतच वेगळी. हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ ला सुरू झाला, तपासण्या वाढल्या, की रुग्णही जास्त सापडणार. बी घटतोय का हे पाहायचं असेल तर जन्मल्यावर २४ तासांत लस मिळालेल्या मुलांचं रक्त तपासा, मोठ्यांचं नव्हे.

ए चं तर उलटच. पूर्वी पाचव्या वर्षाच्या आत बहुतेकांना नकळत होऊन जायचा. आता चांगल्या घरांतली मुलं त्यातून सुटतात आणि विशीत आजारी पडतात, जास्त जोरात. म्हणजे स्वच्छता वाढली तरी दवाखान्यात कावीळ वाढलेली दिसू शकते.

हे मात्र सांगायला हवं की सून सोडून माझ्या चौदांपैकी एकाचीही विषाणूची तपासणी झालीच नाही आणि टाकीचं पाणीही कुणी तपासलं नाही. तुम्ही अभ्यास करत असाल तर ए-ई च्या साथींच्या साप्ताहिक नोंदी वेगळ्या ठेवा, बी-सी च्या रक्तपाहण्या वेगळ्या. आणि घरात कावीळ झाली तर विषाणूचं नाव कागदावर लिहून घ्या, घरात गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी.

वही अजून माझ्याकडे आहे. हवी असेल तर नावं झाकून तारखा देईन. दादालाही तेच सांगितलंय, त्याने अजून मागितलेली नाही.