वाचक विचारतात : टक् आवाज आला म्हणजे कॉम्प्रेसर गेला का?

प्रश्न : नवी पेठेत आइस्क्रीमचं दुकान आहे. दुपारी डीप फ्रीझर गुरगुरतो, दहाएक सेकंदांत टक् आवाज येऊन बंद पडतो. तीन-चार मिनिटांनी पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर बदला. बदलू का? – एक दुकानदार

उत्तर : इतक्यात नको. टक् आवाज ओव्हरलोडचा, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज तोडून त्याला वाचवणाऱ्या स्विचचा. कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतोय किंवा तापलाय, एवढंच त्यातून कळतं; का, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

दहा सेकंदांत टक् म्हणजे मोटर फिरायलाच लागत नाही. म्हणून आधी व्होल्टेज बघायचं, तेही कॉम्प्रेसर उठायच्या क्षणी, त्याच सॉकेटवर. एरवी मीटर 225 दाखवतो आणि उठताना 180 वर येतो, हा दुपारचा नेहमीचा अनुभव. 200 च्या खाली जात असेल तर आधी एक्स्टेन्शन बोर्ड काढा, सॉकेट काळवंडलंय का आणि न्यूट्रल ढिली आहे का ते पाहा. फ्रीझरला 2.5 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर हवी.

व्होल्टेज ठीक असेल तर प्लग काढा, कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मग रिले (मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा स्विच) आणि ओव्हरलोड उतरवा. कॉम्प्रेसरच्या तीन पिना दोन-दोन करून ओहममध्ये मोजा. समजा 3, 7 आणि 10 आले. लहान दोन आकड्यांची बेरीज तिसऱ्याइतकी आली की वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तुटलेली नाही. 10 ज्या दोन पिनांत आला त्या रन आणि स्टार्ट, उरलेली कॉमन. कॉमनपासून कमी ओहमची ती रन. मग प्रत्येक पिन ते तांब्याची नळी मोजा, नळीवरचा रंग खरवडून. तिथे काहीही रीडिंग आलं तर वाइंडिंग बॉडीला लागलीय, आणि मेकॅनिकचं म्हणणं बरोबर.

वाइंडिंग चांगली निघाली तर पीटीसी रिले (गरम झाला की करंट अडवणारी गोळी असलेला रिले) कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर गोळी फुटलीय. कपॅसिटर मीटरवर लावून त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडशी ताडून पाहा. नवा घ्याल तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. हे सगळं ठीक असूनही टाँग टेस्टरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) करंट चढून तिथेच राहिला, तर कॉम्प्रेसर जाम आहे. बदलायचा तो तेव्हा.

वीज जाऊन लगेच आली तरी असंच होतं. गॅसचा दाब समान झालेला नसतो आणि पीटीसी गरमच असतो. तीन ते पाच मिनिटांचा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर लावा.

लेबलवर गॅस आर 290 असेल तर तो प्रोपेन आहे, पेट घेतो. रिले कंपनीने सांगितलेलाच बसवा, आणि पिनांवरचं झाकण लावल्याशिवाय वीज देऊ नका.

प्रश्न : मिठाईच्या फ्रॉस्ट फ्री काउंटरमुळे आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) दिवसातून तीन-चार वेळा पडतो, मधल्या वेळात सगळं छान चालतं. तो काढून टाकावा का? – एक वाचक, सात रस्ता

उत्तर : अजिबात काढू नका. ओल्या फरशीवर उभं राहून स्टीलच्या काउंटरला हात लावणाऱ्या तुमच्या माणसाचा जीव तोच वाचवतो.

ठरावीक तासांनी पडतो म्हणजे संशय डीफ्रॉस्ट हीटरवर; साचलेला बर्फ वितळवायला तो ठरावीक तासांनीच चालू होतो. हीटरच्या दोन्ही वायरी सोडवून, टोकं टेपने बंद करून एक दिवस चालवा. एकच सोडवली तर न्यूट्रलकडूनही गळती होते. पडणं थांबलं तर दोषी हीटरच. 500 वॅटचा हीटर मल्टिमीटरवर 106 ओहमच्या आसपास बरोबर दाखवेल आणि तरीही आत ओल शिरलेली असेल. ती गळती 500 व्होल्टच्या मेगरवरच (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) दिसते. एक मेगाओहमच्या खाली आला की बदला. मेगर करताना हीटर काउंटरच्या इलेक्ट्रॉनिक कार्डापासून सुटा हवा, नाहीतर कार्ड जातं.

प्रश्न : शेजारी यंत्रमाग आहेत. फ्रीझर सकाळी व्यवस्थित, दुपारी पंधरा मिनिटं चालून ट्रिप होतो. – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : हा बिघाड बहुधा विजेचा नाही. कंडेन्सरच्या जाळीत सुताचे तंतू अडकून गादी झाली असेल. हवा जात नाही, दाब चढतो, करंट वाढतो, ओव्हरलोड सुटतो. ब्रश आणि ब्लोअरने दर आठवड्याला साफ करा, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय ना तेही पाहा. लेबलवर क्लायमेट क्लास (किती गरम हवेत फ्रीझर चालेल ते सांगणारं अक्षर) टी असेल तरी ते 43 अंशांपर्यंतच. मे महिन्यात भिंतीला चिकटवून ठेवलेल्या फ्रीझरमागे त्याहून जास्त ताप असतो. कंपनीने सांगितलेली जागा मागे मोकळी सोडा.