घरी सॉना बांधायचाय? पहिले थंड व्हायची जागा ठरवा

भाऊ, घरी सॉना, म्हणजे घाम काढायला बसायची गरम लाकडी खोली, कुठे आणि कशी बांधायची हा तुमचा प्रश्न नीट वाचला. नागपुरात बेसा रोडला स्वतःचं घर, गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक खोली रिकामी पडून आहे, आणि खाली मागच्या अंगाला सहा बाय सातची स्टोअर रूम. सुतारमिस्त्री म्हणतो प्लायवर सनमायका मारतो, मागे थर्माकोल भरतो, आत भट्टीची कॉइल बसवून देतो, झालं काम. तुमचं मन गच्चीकडे ओढून रायलं कारण तिथली खोली आयती मोकळी आहे. माझं उत्तर पहिलेच सांगून टाकतो: गच्ची बिलकुल नको, स्टोअर रूम रिकामी करा, आणि मिस्त्रीला प्लाय आणण्यापासून आजच थांबवा.

गच्ची काहून नको ते सांगतो. सॉनामधे लोकांचं सगळं लक्ष गरम खोलीकडे असतं, पण खरी मजा दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन अंगावर गार पाणी घ्यायचं आणि मोकळ्या हवेत निवांत बसायचं यात आहे, मग परत आत. फिनलंडमधे लोक आतून निघून सरळ तळ्यात उतरतात, तळं नसलं तर बर्फात. तिथे साधारण ५५ लाख लोकसंख्येत ३० लाखांच्या घरात सॉना आहेत, २०२० मधे युनेस्कोने त्यांच्या सॉना संस्कृतीला वारसा यादीत घेतलं, तेव्हा या बाबतीत त्यांचं ऐकलेलं बरं. आता आपल्याकडचं बघा. मार्चपासून जूनपर्यंत गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं असतं आणि रात्री दहालाही कोमटच येतं, स्लॅब तर मध्यरात्रीपर्यंत तापलेला. तिथे ८० डिग्रीतून बाहेर पडून तुम्ही थंड होणार कशाने? खाली मात्र तुमची अंडरग्राउंड टाकी आहे, तिचं पाणी भर उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार असतं. तिच्यावर छोटा पंप नाहीतर साधा नळ बसवा, बाजूला एक रांजण, बादली आणि मोठा लोटा ठेवा. शॉवरपेक्षा लोट्याने डोक्यावरून घेतलेलं पाणी जास्त बरं वाटतं, आणि पाणीही कमी लागतं. मागच्या कडुनिंबाखाली लाकडी बाक टाका, आणि तेवढ्या जागेला मच्छरदाणीची जाळी नक्की मारा, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमधे ओल्या उघड्या अंगाने संध्याकाळी तिथे बसणं म्हणजे डेंग्यूला बोलावणं आहे.

घरचे म्हणतात ४६-४७ डिग्रीच्या गावात सॉना कशाला. त्यांचं अगदीच चूक नाही, मे महिन्यात तुम्हालाही तो लावावासा वाटणार नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे चांगली थंडी असते, २०१८ च्या डिसेंबर अखेरीस तर पारा ३.५ पर्यंत उतरला होता. आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, अंग जड होतं, तेव्हा अर्धा तास कोरड्या उष्णतेत बसून बघा. वर्षातले सहा-सात महिने तो आरामात वापरला जातो.

आता बांधकाम. तुमच्या स्टोअर रूमचा स्लॅब दहा फुटावर असेल तर तेवढी उंची तापवायची गरज नाही. गरम हवा वर जाऊन बसते आणि तुम्ही खाली गार राहता. सात फुटावर फॉल्स सीलिंग घ्या. भिंतीला दोन इंची लाकडी चौकट, तिच्यात दोन इंची रॉकवूल (दगडापासून केलेली, उष्णता अडवणारी लोकर) गच्च, सीलिंगमधे चार इंच. त्याच्यावर खोलीच्या बाजूने अ‍ॅल्युमिनियम फॉइल, जोडावर चार इंच ओव्हरलॅप आणि अ‍ॅल्युमिनियम टेप. मग पाऊण इंची पट्ट्या मारून हवेची पोकळी सोडायची आणि त्या पट्ट्यांवर आतलं लाकूड. या फॉइलच्या कामाला स्वतः उभे राहा. मिस्त्री स्टेपल मारत जातो आणि प्रत्येक स्टेपलला एक भोक पडतं, त्या प्रत्येकावर टेपचा तुकडा लागला पाहिजे, वायर जिथून आत येते तिथे चारही बाजूंनी टेप, कोपऱ्यात फॉइल ताणून फाटलं तर तो भाग परत करायचा. कारण वाफ त्या भोकातून मागे जाते, रॉकवूल ओलं होतं, ओलं रॉकवूल उष्णता अडवत नाही, आणि दोन पावसाळ्यांत मागची चौकट काळी पडून कुजते, समोरून काही दिसतही नाही. बाहेरच्या विटेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर चौकट भिंतीला चिकटवू नका, अर्धा-एक इंच मोकळं सोडा आणि लाकडाला वाळवीचं औषध मारा, पण ते औषध फक्त फॉइलच्या मागच्या लाकडाला, आतल्या बाजूला कुठेच नको.

रॉकवूल बसवायला सुताराच्या मागे लागू नका. कोराडी, खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनला पाइपांचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टन, करणारी माणसं आपल्याच शहरात आहेत, हिंगणा एमआयडीसीत बॉयलरचं इन्सुलेशन करणारेही आहेत. रॉकवूल आणि फॉइल त्यांच्या रोजच्या हातातलं काम आहे, ते एका दिवसात असं करून देतील की सुताराला आठवडा लागेल. हातमोजे आणि मास्क मात्र घालायला लावा.

थर्माकोल ८०-९० डिग्रीच्या आसपासच मऊ होऊन बसायला लागतो आणि सीलिंगजवळ तर १०० होतात, आग लागली तर त्याचा काळा विषारी धूर जीवावर येतो. प्लाय आणि एमडीएफ म्हणजे गोंदाने चिकटवलेलं लाकूड, तो गोंद तापला की त्याचा वास आणि वाफ तुमच्या फुफ्फुसात, वर सनमायका फुगून सुटतो तो वेगळाच. पॉलिश, वॉर्निश, मेलामाइन यातलं काहीही आतल्या लाकडाला लावायचं नाही. कोरं लाकूड, पॉलिश पेपर मारलेलं, बस.

लाकूड कोणतं, तर इथे सगळे म्हणतील सागवान, विदर्भात राहून दुसरं काय म्हणणार. आपला आलापल्ली-बल्लारशाचा साग जगात एक नंबर आहे, २०२३ मधे अयोध्येच्या मंदिरासाठी इथूनच गेला, मला त्याचा अभिमान आहे. पण सॉनाच्या बाकाला साग नको. तो जड आणि घट्ट, म्हणून उष्णता धरून ठेवतो आणि उघड्या पाठीला, मांडीला चटका देतो, शिवाय त्यातलं तेल घामाबरोबर टॉवेलला लागतं. बाकाला हलकं लाकूड लागतं, ज्याला खोली ८५ ला असतानाही हात लावता येतो. परदेशात अ‍ॅस्पेन, अबाची वापरतात, आपल्याकडे कॅनडाचं हेमलॉक किंवा रेड सीडर मिळतं, लकडगंजच्या लाकूडवाल्यांकडे विचारा, नाही मिळालं तर ते मागवून देतात. स्वस्तातलं पाइन भिंतीला चालेल, पण गाठी कमी असलेलं निवडून घ्या, कारण गाठीतून राळ पाझरते आणि ती गरम राळ अंगावर पडली की फोड येतो. साग दाराच्या चौकटीला आणि खालच्या पाय ठेवायच्या जाळीला जरूर वापरा, तिथे उष्णता कमी आणि पाणी जास्त, तिथे त्याच्यासारखं दुसरं लाकूड नाही. सगळ्या पट्ट्या आरामशीनवरून नीट वाळवलेल्या घ्या, ओल्या घेतल्या तर महिन्याभरात फटी पडतील. बाकाचे स्क्रू स्टेनलेसचे आणि खालून मारायचे, वर एकही डोकं दिसायला नको, चटका बसतो.

वरचा बाक सीलिंगपासून साधारण साडेतीन फूट खाली, म्हणजे तुमच्या खोलीत जमिनीपासून साडेतीन फुटावर, खालचा वीस इंचावर. उंच वाटेल, पण पाय हीटरवर रचलेल्या दगडांच्या लेव्हलच्या खाली राहिले तर डोकं तापतं आणि पावलं गार राहतात, आणि मग लोक म्हणतात मजा नाही आली.

दगड. हा भाग लोक फार हलक्यात घेतात. हीटरसोबत येणारे दगड वापरले तर उत्तमच, पण नंतर बदलायची वेळ येते आणि माणूस म्हणतो आपल्याकडे काळा दगड काय कमी आहे. कमी नाहीच, सीताबर्डीची टेकडी त्याचीच आहे, नागपूर दख्खनच्या त्या काळ्या थराच्या पूर्वेच्या कडेवर बसलंय. पण आपल्या काळ्या दगडात खूपदा बारीक छिद्रं असतात, आणि त्या छिद्रांत पांढरे खनिजाचे ठिपके. असा दगड पाणी धरतो आणि तापल्यावर फुटतो. खाणीतून घट्ट, जड, एकसारखा, ठिपका नसलेला तुकडा निवडा, दोन ते चार इंची. घरी आणून चुलीत तासभर तापवा, चिमट्याने उचलून बादलीत टाका, लांब उभं राहून आणि डोळे सांभाळून. गार झाल्यावर हातोडीने हलकं ठोका, खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला किंवा पापुद्रा सुटला तर फेका. नदीतले गोल गोटे दिसायला सुंदर असतात पण त्यांच्यात ओल मुरलेली असते, ते नकोच. हीटरमधे मोठे दगड खाली, छोटे वर, सैल रचायचे, हवा फिरली पाहिजे, पण कॉइल वरून दिसता कामा नये. वर्षातून एकदा सगळे काढून भुगा झालेले बदला. त्यांच्यावर टाकायचं पाणी पिण्याचं घ्या, बोअरचं नको, त्याचा पांढरा थर दगडावर आणि कॉइलवर बसतो. निलगिरीचं तेल आवडत असेल तर बादलीभर पाण्यात दोन-चार थेंब, दगडावर सरळ तेल टाकलं तर पेट घेतं.

भट्टीची कॉइल तर विसराच. सॉनाचा हीटर तयारच घ्या, थर्मोस्टॅट आणि ओव्हरहीट कटऑफ असलेला, हार्विया, तिलो वगैरे कंपन्यांचे स्विमिंग पूलचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. साइझचा अंदाज एका क्युबिक मीटरला एक किलोवॅट. तुमची खोली आतून लाकूड लागल्यावर साडेपाच बाय साडेसहा बाय सात फूट उरेल, म्हणजे सात क्युबिक मीटर, ६ किलोवॅटचा हीटर साधारण ५ ते ८ क्युबिक मीटरला असतो तेव्हा तो पुरेल. पण पूर्ण काचेचं दार लावायचा विचार असेल तर काचेच्या दर स्क्वेअर मीटरला सव्वा क्युबिक मीटर वाढवून धरा, मग ८-९ किलोवॅटवर जावं लागतं. माझ्या मते लाकडी दार आणि त्यात छोटी काच हेच बरं. ६ किलोवॅट सिंगल फेजवर २६ अँपिअर ओढतो, एसी आणि गिझर सोबत चालू असतील तर रोज काहीतरी ट्रिप होईल, थ्री फेजवर तोच ९ अँपिअर पर फेज. म्हणून महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज सगळ्यात पहिले टाका. सिंगल फेजवरच राहायचं असेल तर सहा स्क्वेअर एमएमची कॉपर, स्वतंत्र ३२ अँपिअरचा एमसीबी, पक्कं अर्थिंग, आणि मेन स्विच खोलीच्या बाहेर. आत नेहमीची पीव्हीसी वायर चालत नाही, ती ७० डिग्रीसाठी बनलेली असते, गरम भागात सिलिकॉनची वायर आणि १२५ डिग्री सहन करणारा दिवा, तोही बाकाखाली. खर्च म्हणाल तर तापायला पाऊण तास आणि बसायला तासभर धरून एका वेळेला सात-आठ युनिट.

हवेसाठी हीटरजवळून ताजी हवा आत आणि समोरच्या भिंतीतून तिरकी बाहेर, दोन्हीकडे चार इंची पाइप. सीलिंगजवळ तिसरं भोक झाकणाचं, ते फक्त नंतर खोली वाळवायला. नहाणी ट्रॅप गरम खोलीच्या आत घेऊ नका, आतलं पाणी वाळलं की गटाराचा वास येतो, फरशीला उतार देऊन पाणी दाराबाहेर काढा. दार बाहेर उघडणारं, आणि कडी, बोल्ट, लॅच काहीही नाही, नुसतं लोहचुंबक. आत कोणाला चक्कर आली तर अंग टेकल्यावर दार उघडलं पाहिजे. हे बिलकुल सोडू नका.

बाबांना बीपीची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यांना आत बसवू नका. फिनलंडच्या पूर्व भागातल्या २३१५ पुरुषांचा अभ्यास २०१५ मधे छापून आला, जास्त वेळा सॉना घेणाऱ्यांमधे हृदयाने अचानक मृत्यू कमी दिसले, पण ते लोक लहानपणापासून सॉनात बसणारे, आणि त्यावरून सॉनामुळेच फरक पडला असं ठरत नाही. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, तर नाहीच. प्रेग्नन्सीतही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. नवीन माणसाने खालच्या बाकावर सात-आठ मिनिटं, ७० च्या आसपास. दारू पिऊन कोणीही नाही, थर्टी फर्स्टला पाहुणे आले की हे तुम्हालाच सांभाळावं लागणार. वजन कमी होतं म्हणतात ते निव्वळ पाणी असतं, दोन ग्लास ताक प्यायलं की परत येतं, आणि ते प्यायलाच पाहिजे.

सुतारकाम मार्च ते मे मधेच काढा. लाकूड त्या वेळी पूर्ण कोरडं असतं, टंग-ग्रूव्हच्या, म्हणजे एकमेकींच्या खाचेत अडकणाऱ्या, पट्ट्या थोडी फट सोडून बसवता येतात, मग पावसाळ्यात त्या फुगल्या तरी उचलत नाहीत. जुलैत बसवल्या तर जानेवारीत प्रत्येक जोड उघडा दिसेल. हीटर बसला की पहिल्यांदा दार उघडं ठेवून, पाणी न टाकता, तासभर रिकामाच चालवा, कॉइलवरचं कारखान्यातलं तेल जळून त्याचा वास निघून जातो, त्या वेळी आत कोणी थांबू नका. रोज वापरून झाल्यावर वीस मिनिटं हीटर चालू आणि वरचं झाकण उघडं, आणि पावसाळ्यात वापरला नाही तरी आठवड्यातून एकदा खोली तापवून घ्या, नाहीतर बाकाखाली बुरशी धरते.