‘स्लिप’ : घसरणे, सटकणे की निसटणे?

प्रश्न : लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा तेव्हाचा कर्णधार स्टीव्हन जेरार्ड याचं ‘धिस डझ नॉट स्लिप नाउ’ मराठीत कसं आणावं? ‘आता घसरायचं नाही’ चालेल?

उत्तर : नाही. घसरतो तो पाय, जीभ, भाव, फार तर गुणतक्त्यातला संघ. जेरार्ड बोलत होता प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेच्या, जेतेपदाबद्दल. १३ एप्रिल २०१४ ला अ‍ॅनफिल्डवर मँचेस्टर सिटीला ३-२ हरवल्यावर खेळाडूंचं रिंगण करून त्याने हे सुनावलं. (मधली शिवी गाळली आहे, जोर हवा तर ‘च्यायला’ घाला.)

पंचाईत पुढे आहे. २७ एप्रिलला, त्याच मैदानावर चेल्सीविरुद्ध, पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत सहकारी साखोचा पास जेरार्डच्या पायाखालून गेला, चेंडू गाठायला वळताना तो स्वतः पडला आणि चेल्सीच्या डेम्बा बाने गोल केला. सामना ०-२ गेला. प्रतिस्पर्धी चाहते तेव्हापासून त्याचाच ‘स्लिप’ त्याला ऐकवतात. म्हणजे असं क्रियापद हवं, जे जेतेपदालाही लागेल आणि पायालाही.

ते आहे ‘निसटणे’. हातातून मासा निसटतो, शेवाळावर पायही निसटतो. चेंडू निसटला, पाय निसटला, जेतेपद निसटलं, कोटी शाबूत. ‘सटकणे’ही दोन्हीकडे चालतं, पण त्यात गुपचूप पळ काढल्याची छटा येते. ‘कर्णधाराचा पाय घसरला’ असा मथळा तर देऊच नये, वाचणाऱ्याला भलतंच प्रकरण वाटेल.

‘हुकणे’चं काय? बस हुकते, नेम हुकतो. जे हाती लागलंच नव्हतं ते हुकतं. मुठीत आल्यासारखं असून गेलं, तर निसटलं. सलग ११ सामने जिंकून अव्वल असलेल्या संघाबद्दल म्हणून ‘निसटलं’च नेमकं. हंगाम संपल्यावरचा हिशेब मांडताना मात्र (सिटी ८६ गुण, लिव्हरपूल ८४) ‘दोन गुणांनी हुकलं’ बरोबर.

जेरार्डची पुढची वाक्यं (नॉर्विच म्हणजे पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी) धरून मी असं करीन : ‘आता हे निसटू द्यायचं नाही. ऐका, ही मॅच झाली. नॉर्विचलाही अगदी असंच खेळायचं. पुन्हा भिडायचं.’

त्यातल्या ‘ही मॅच झाली’चं मूळ ‘धिस इज गॉन’ आहे, त्याचं ‘ही मॅच गेली’ करू नका. मराठीत मॅच गेली म्हणजे हरलो, आणि ती तर त्यांनी नुकतीच जिंकली होती.