क्षमेआधी दवाखाना

प्रिय लेकी,

प्रभूच्या नावात सलाम.

"क्षमा केली नाही तर देव मला क्षमा करील का," असं तू विचारतेस आणि त्याच पानावर नवऱ्याबद्दल "परवा त्यांनी गळा दाबला" एवढंच लिहून पुढे जातेस. मी त्या ओळीपाशी थांबते. गळा दाबल्यावर बाहेरून वण दिसला नाही तरी आतली इजा नंतर वर येऊ शकते, कधी काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, चक्कर येतेय, तर पत्र इथंच ठेव आणि सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जा. काही होत नसलं तरी आजच जा.

तिथं "जिन्यावरून पडले" म्हणू नकोस. बायका लाजेपोटी तेच सांगतात, केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढे समोरचा वकील कोर्टात तोच कागद वाचतो. कुणी, कधी, कशानं मारलं ते सांग आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांग. वळांचे फोटो आज काढ आणि दोन दिवसांनी पुन्हा काढ, कारण काळेनिळेपणा मागाहून चढतो. एका फोटोत चेहरा यावा, दुसऱ्यात वळ जवळून. नवरा तुझा फोन तपासतो, म्हणून ते बहिणीच्या फोनवर काढ.

आता क्षमेचं. बायबलमधला 1 शमुवेल 24 उघड. एन-गेदीच्या गुहेत दाविदाच्या जिवावर उठलेला शौल राजा त्याच्याच हाती सापडला होता, तरी दाविदानं त्याला सोडलं. शौल रडला, चूक कबूल केली. त्यानंतरचं शेवटचं वचन बहुतेक जण वाचतच नाहीत: शौल घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर चढला. वैर सोडलं, पण त्याच्या भाल्याच्या टप्प्यात परत गेला नाही. तुला कुणी "क्षमा केलीस ना, मग नांदायला जा" म्हणालं, तर हा अध्याय दाखव. चर्चच्या मंडळीतलं भांडण कोर्टात नेऊ नये असंही सांगतील. पण प्रेषित पौलानं स्वतः चाबकाचे फटके बसण्याआधी रोमी नागरिकाचा हक्क सांगितला (प्रेषितांची कृत्ये 22). मारहाण हा गुन्हा आहे, त्याला भाऊबंदकी म्हणू नये.

पाळकसाहेबांना भेट, पण एकटी, किंवा पाळकबाईंना घेऊन. दोघांना समोरासमोर बसवून समेट घालायला नकार दे. तिथं खरं बोललीस तर रात्री घरी त्याचा वचपा निघतो आणि गप्प बसलीस तर "सगळं ठीक आहे" असं ठरतं.

पोलीस ठाण्यात एक गोष्ट पक्की विचार: एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली की एफआयआर? एनसीवर कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठव. तातडीला 112, महिलांसाठी 181.

घर नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून घाबरू नकोस. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं त्या घरात राहायचा हक्क तुला आहे. संरक्षण अधिकारी तुझा घटना अहवाल लिहून मॅजिस्ट्रेटकडे देतात आणि पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी असं कायदा सांगतो. मॅजिस्ट्रेटनं दिलेला संरक्षण आदेश नवऱ्यानं मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणतेस, तर स्त्रीला उत्पन्न न बघता सरकारतर्फे वकील फुकट मिळतो. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर, किंवा 15100 वर फोन कर.

निघायचं ठरलं तर भांडणाच्या भरात बोलून दाखवू नकोस. बायको सोडून चालली हे कळतं तेव्हाच धोका सर्वांत मोठा असतो. आधार, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, औषधं आणि थोडी रोकड हळूहळू बहिणीकडे ने. लग्नाचा दाखला त्यांनी कपाटात कुलूपबंद ठेवला असेल तर त्यासाठी अडून राहू नकोस. लग्न लागलं त्या चर्चच्या नोंदवहीतून प्रमाणित प्रत मिळते आणि ती मागताना कारण सांगावं लागत नाही.

तुझी,
मावशी