रिपोर्टमधले टक्के नेमके कसले?

प्रश्न : माझ्या वडिलांना डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक कर्करोग, आहे. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘एमवायसी ६० टक्के, बीसीएल-२ ८० टक्के, डबल एक्स्प्रेसर’ असं लिहिलंय. असं असलं की केमो लागूच पडत नाही, असं एक नातेवाईक म्हणाले. मग बाबांना हा त्रास द्यायचा तरी कशाला?

उत्तर : केमो द्यायचीच, आणि उशीर न करता.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हे टक्के मीच मोजते, म्हणून आधी त्यांच्याबद्दल. बायोप्सीच्या तुकड्याचा अगदी पातळ काप काचेवर घेतात आणि एकाच प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी त्यावर सोडतात. ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकीच्या पेशी निळसर राहतात. गाठीतल्या शंभर पेशींपैकी साठ पेशींची केंद्रकं तपकिरी दिसली, की मी ‘एमवायसी ६० टक्के’ लिहिते. ही रंगलेल्या पेशींची मोजदाद झाली. औषध फसण्याची शक्यता ६० टक्के, असा तिचा अर्थ अजिबात नाही. एमवायसी किमान ४० आणि बीसीएल-२ पन्नासच्या वर असलं, की डबल एक्स्प्रेसर म्हणतात.

केमोने इजा झालेली पेशी एरवी आपणहून मरते. बीसीएल-२ हे प्रथिन ते मरण अडवतं. एमवायसी हे प्रथिन पेशींना भराभर वाढायला लावतं. दोन्ही एकत्र आली की आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे खरं आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण आर-चॉप (केमोची औषधं आणि सोबत रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडी) या नेहमीच्या उपचाराने या लिम्फोमाचे साधारण ६० टक्के रुग्ण बरे होतात, आणि त्यांत डबल एक्स्प्रेसरवालेही पुष्कळ असतात.

तुमच्या डॉक्टरांना एक मात्र जरूर विचारा : फिश तपासणी, म्हणजे पेशीतली जनुकं जागेवर आहेत का हे पाहणारी तपासणी, झाली का? एमवायसी आणि बीसीएल-२ यांची जनुकंच जागा बदलून बसली असतील, तर तो डबल हिट. तो जास्त आक्रमक असतो, आणि त्यात बरेच डॉक्टर आर-चॉपऐवजी डोस-अ‍ॅडजस्टेड ईपॉक-आरसारखा जोरकस उपचार निवडतात. तुमच्या नातेवाइकांनी बहुधा डबल एक्स्प्रेसर आणि डबल हिट यांची गल्लत केली असावी. नुसत्या रंगावरून डबल हिट ठरत नाही.

पी-ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाचं नाव कदाचित तुमच्या वाचनात येईल. ते आर-चॉपमधली डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टीनसारखी औषधं पेशीबाहेर फेकतं. त्याला रोखणारी औषधं देऊन पाहिली गेली, पण रुग्णांच्या पदरात फारसं काही पडलं नाही. म्हणून पी-ग्लायकोप्रोटीनच्या तपासणीवर खर्च करू नका.

आजार उलटलाच, तर मात्र शक्यतो पुन्हा बायोप्सी करा. रिटुक्सिमॅब ज्या सीडी-२० प्रथिनाला धरतं, ते काही रुग्णांत उपचारांनंतर नाहीसं झालेलं असतं, आणि पुढचं औषध त्यावरून ठरतं. आत्ताच्या बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) कुठे ठेवलाय, तेही विचारून लिहून ठेवा; नव्या तपासण्या त्याच्यावरही करता येतात.