सिस्टर ‘बघते’ म्हणतात, पण येत नाहीत

प्रश्न : मी वॉर्डात नर्सिंग असिस्टंट आहे. ‘पेशंट बरे वाटत नाहीत’ असं सांगितलं की सिस्टर ‘बघते’ म्हणतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. काय करावं?

उत्तर : पेशंटचं अंग पुसताना, कूस बदलताना फरक बरेचदा आधी तुम्हालाच जाणवतो, म्हणून शंका दाबू नका. पण नुसत्या ‘बरे वाटत नाहीत’वरून निकड कळत नाही.

आधी श्वास मोजा, पूर्ण १ मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. बोट गार असेल तर ऑक्सिमीटरचा आकडा फसवा येतो. ते आधी ऊबदार करा. मग सांगा : ‘सिस्टर, बेड ७. सकाळी नीट बोलत होते, आता मुलाला ओळखत नाहीत. श्वास २६. आत्ता येता का?’ नव्याने आलेला गोंधळ किंवा २५ च्या पुढचा श्वास, दोन्हींत थांबायचं नाही. त्या अडकल्या असतील, तर ‘मी इन्चार्जना बोलावते’ असं त्यांना सांगूनच जा. ही चहाडी नव्हे.

सिस्टरनीही ऐकलेला आकडा परत म्हणावा, आणि तपासून काय निघालं ते असिस्टंटला जरूर सांगावं. उत्तरच मिळालं नाही, तर पुढच्या वेळी ती गप्प बसते.