टॉलस्टॉय बायकोच्या जाचाला कंटाळून घर सोडून गेले, हे खरं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की गांधीजी आणि टॉलस्टॉय यांचा पत्रव्यवहार वाचत होतात, आणि प्रेमाचा कायदा सांगणारा हा माणूस त्याच वर्षी, वयाच्या ८२व्या वर्षी, बायकोला न सांगता रात्रीचा घरातून निघून गेला हे कळल्यावर चक्रावलात. बायको एवढी कजाग होती का, आणि चूक कोणाची, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

कटकट होती. शेवटच्या वर्षी तर असह्य होती. पण 'कजाग बायको' म्हणून विषय मिटवायला माझं मन घेत नाही. त्या घरात भांडण झालं ते कागदांवरून. लग्नाच्या आधीच्या आठवड्यापासून थेट त्या शेवटच्या रात्रीपर्यंत.

मी साहित्याची प्राध्यापक वगैरे नाही. जन्म गेला दुसऱ्यांचं लिखाण टाइप करण्यात. आधी मराठी टाइपरायटरवर, मग डीटीपी आलं. एक वयस्कर लेखक होते, नाव नको. त्यांची हस्तलिखितं त्यांची बायको पिशवीतून घेऊन यायची. काकपदावर काकपद, समासात बाण, बाणाची शेपटी मागच्या पानावर. मी अडले की बाई कागदाकडे न बघताच तो शब्द सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "हे वाक्य मागच्या खेपेस बरं होतं, पण आपण कोण सांगणार!" टॉलस्टॉयच्या बायकोबद्दल वाचताना मला सारख्या त्याच दिसत राहिल्या.

(दोघांनाही मी अरे-तुरेच करणार आहे. इतकं घरातलं वाचल्यावर 'काउंट टॉलस्टॉय' म्हणवत नाही. आणि तारखा तेव्हाच्या जुन्या रशियन कॅलेंडरच्या आहेत, आपल्या कॅलेंडरपेक्षा बारा-तेरा दिवस मागे.)

सोफिया बेर्स ही क्रेमलिनमध्ये राहणाऱ्या दरबारी डॉक्टरची मधली मुलगी. टॉलस्टॉय थोरलीला मागणी घालणार असं घरच्यांनी धरलेलं. सोफियानं एक गोष्ट लिहिली होती, ती तिनं त्याला वाचायला दिली. तिच्यात दुब्लित्स्की नावाचा एक राजपुत्र होता, दिसायला कुरूप आणि मतांचा काही भरवसा नाही असा. टॉलस्टॉयनं स्वतःला बरोबर ओळखलं आणि ते मनाला लावूनही घेतलं. तरी मागणीचं पत्र लिहिलं, काही दिवस खिशात घेऊन हिंडला आणि १६ सप्टेंबर १८६२ला तिच्या हातात दिलं. पुढच्याच आठवड्यात, २३ तारखेला लग्न. तो ३४ वर्षांचा, ती १८ची. लग्नाच्या दिवशी सामानाबरोबर सगळे सदरे बांधले गेले, धुतलेला सदरा मिळेना, म्हणून नवरदेव चर्चमध्ये उशिरा पोचला. 'अ‍ॅना कॅरेनिना' या त्याच्याच कादंबरीत लेविनच्या लग्नात हाच घोळ आहे.

मात्र मधल्या त्या आठवड्यात त्यानं एक गोष्ट केली, तिनं पुढच्या ४८ वर्षांचा पाया घातला. आपल्या डायऱ्या त्यानं तिला वाचायला दिल्या. जुगार, वेश्या, गुप्तरोग आणि गावातली अक्सिन्या नावाची कुळाची बाई. तिच्यापासून त्याला मुलगाही झाला होता. हेतू प्रामाणिकपणाचा होता म्हणे. असेलही. पण अठरा वर्षांच्या मुलीच्या मांडीवर हे बाड ठेवून आपण मोकळं व्हायचं, याला मी तरी नुसता प्रामाणिकपणा म्हणणार नाही. ती नवी नवरी यास्नाया पोल्यानाला, म्हणजे मॉस्कोच्या दक्षिणेला दोनेकशे किलोमीटरवरच्या त्याच्या जमीनदारीवर, नांदायला आली आणि थोड्याच दिवसांत तिला घरात फरशी पुसायला आलेली अक्सिन्या दिसली. डायरीतलं नाव समोर उभं. तिनं ते आपल्या डायरीत लिहिलं, आणि ते त्यानं वाचलं. कारण तोवर रिवाजच पडला होता: दोघांनी डायरी लिहायची आणि एकमेकांची वाचायची. तोंडानं बोलायचं ते डायरीत लिहायचं. समोरचा वाचणार हे ठाऊक असताना लिहिलेली डायरी म्हणजे उघड्या पाकिटातलं पत्रच की.

मग आली कामाची वर्षं. माझ्या मते हीच त्यांची सुखाची. १८६३ ते १८६९ 'वॉर अँड पीस' चाललं होतं, आणि त्याच काळात चार मुलं झाली. पहिल्या बाळंतपणात छाती सुजून तिचे हाल झाले, पण दूध पाजायला दाई ठेवायला याचा विरोध. आईनंच पाजलं पाहिजे. दिवसभर घर, नोकरचाकर, हिशेब. रात्री मुलं निजली की त्यानं दिवसभरात खरडलेलं घेऊन ती सुवाच्य प्रत करायला बसायची. डोळे अधू, अक्षर त्याचं, कधीकधी भिंग लागायचं. सगळी कादंबरी तिनं सात वेळा उतरवली असं सर्रास सांगतात. मी त्या आकड्यात शिरत नाही, काही भाग त्याहून जास्त वेळा झाले असतील, काही कमी. मुलगा इल्या याच्या आठवणी मात्र वाचा, पुढच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या वेळच्या. छापखान्यातून प्रुफं यायची. हा आधी समासात विरामचिन्हं दुरुस्त करायचा, मग शब्द, मग वाक्यं, आणि शेवटी सगळा कागद काळा. आईशिवाय कोणाला तो लागायचाच नाही. ती रात्रभर जागून स्वच्छ पानं करून सकाळी टेबलावर ठेवायची. हा 'एकदा नजर टाकतो' म्हणून उचलायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आणून द्यायचा, पुन्हा तीच गत. प्रुफं टपालात पडल्यावरही एखादा शब्द बदलायला तार करायचा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसले. 'फक्त एक शब्द बदलायचाय' हे वाक्य ऐकून माझेही केस पांढरे झालेत. पण मला पानामागे पैसे मिळायचे, आणि संध्याकाळी सातला मी दुकानाचं शटर ओढून घरी जायचे.

१८७७नंतर टॉलस्टॉय बदलला. कादंबऱ्या म्हणजे वायफळ, मालमत्ता म्हणजे पाप, मांस बंद, शेत नांगरायचं, स्वतःचे बूट स्वतः शिवायचे. आपल्याकडे गांधीजींमुळे आणि 'कला म्हणजे काय?' मराठीत आणणाऱ्या साने गुरुजींमुळे हाच टॉलस्टॉय जास्त ओळखीचा. संत टॉलस्टॉय. पण नवऱ्यानं चाळिशी उलटल्यावर संत व्हायचं ठरवलं तर वाणसामानाचं, मुलांच्या शाळेचं, शेताच्या कारभाराचं काय करायचं हे कोणीतरी बघायला लागतं. तेरा मुलं झाली, मोठी झाली आठ. जून १८८४मध्ये भांडण झालं, पाठीला पिशवी अडकवून हा घर सोडून निघाला. ती तेव्हा दिवस भरलेली. अर्ध्या वाटेवरून तो परतला आणि त्याच रात्री अलेक्झांड्रा जन्मली. १९१०च्या सव्वीस वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे म्हातारपणी अचानक वैताग आला असं काही नव्हतं. जाण्याची ओढ त्याच्यात कायमचीच होती.

पैशाचं कोडं सोफियानं आपल्या पद्धतीनं सोडवलं. १८८५मध्ये ती दस्तयेव्हस्कीच्या विधवेला, अ‍ॅनाला, जाऊन भेटली. ही अ‍ॅना मूळची लघुलेखिका. 'द गॅम्बलर' तिनं २६ दिवसांत लिहून घेतली आणि त्याच लेखकाशी लग्न केलं. नवरा जुगारात तिचे कपडे, दागिने गहाण टाकायचा, तेही तिनं निभावलं आणि मग स्वतःच त्याची पुस्तकं छापून कर्जं फेडली. कागद, छपाई, विक्री, सगळं सोफिया तिच्याकडून शिकून आली आणि नवऱ्याची पुस्तकं स्वतः काढायला लागली. त्या दोघींची ती भेट कोणीतरी नाटकात लिहायला हवी, बाकीचं सगळं लिहून झालंय.

आणि मग आली टॉलस्टॉयची लघुकादंबरी 'क्रॉइट्झर सोनाटा'. लग्न म्हणजे विकार, संगीत म्हणजे विकार, आणि नवरा मत्सरानं बायकोचा खून करतो. सगळ्या रशियात कुजबुज: हे घरचंच दिसतंय. सरकारनं बंदी घातली. ती उठवून घ्यायला कोण गेलं असेल? सोफियाच. १८९१च्या एप्रिलमध्ये झार अलेक्झांडर तिसऱ्याला भेटून समग्र वाङ्मयात छापायची परवानगी तिनं आणली. माझ्याबद्दल असतं तर मी परवानगी मागितली असती का, म्हणजे लोकांची तोंडं बंद झाली असती, असा तिचा हिशेब. पुस्तक तिलाही पटलं नव्हतंच. त्याला उत्तर म्हणून तिनं स्वतःची एक लघुकादंबरी लिहिली. तिच्याकडे शेवटी येते.

त्याच वर्षी टॉलस्टॉयनं जाहीर केलं की १८८१नंतरच्या लेखनावर माझा हक्क नाही, कोणीही छापावं. त्याआधीचं, म्हणजे जे तिनं रात्री जागून उतरवलं होतं, ते तिच्याकडे राहिलं. हा तपशील लक्षात असू द्या, पुढे तोच कळीचा ठरतो. १८९५मध्ये धाकटा वान्या सात वर्षांचा होण्याआधी तापानं गेला, आणि दोघांना बांधून ठेवणारं उरलंसुरलं तुटलं. ती संगीतात बुडाली. तानेयेव्ह नावाच्या संगीतकारावरून साठी उलटलेला टॉलस्टॉय पोरासारखा जळायला लागला.

आता १९१०. चेर्तकोव्ह नावाचा शिष्य दाराशी. टॉलस्टॉयच्या १९००पासूनच्या डायऱ्या त्याच्या ताब्यात. सोफियाचं डोकं फिरलं ते इथं. त्या डायऱ्यांत मी कशी दिसणार? जगाला मी कोण म्हणून ठाऊक होणार? विष घेईन म्हणाली, चोरून ऐकत राहिली, मॉस्कोहून डॉक्टर आणावे लागले. तिनं छळलं, यात शंका नाही. डायऱ्या चेर्तकोव्हकडून परत आल्या, पण तिच्या हाती नाही. तुला नावाच्या जवळच्या शहरातल्या बँकेत कुलूपबंद. २२ जुलैला टॉलस्टॉयनं जंगलात एका झाडाच्या बुंध्यावर बसून गुप्त मृत्युपत्रावर सही केली. सगळ्या लेखनाचा हक्क मुलगी अलेक्झांड्राच्या नावे, कारभार चेर्तकोव्हकडे. सगळ्या म्हणजे 'वॉर अँड पीस'सुद्धा. बायकोला पत्ता नाही. ज्यानं लग्नाआधी अक्सिन्याचंही लपवलं नव्हतं, तो आता 'फक्त माझ्यासाठी' अशी वेगळी डायरी लिहून बुटात लपवत होता. ती तिनं शोधलीच.

तुम्ही वाचलेलं गांधीजींना लिहिलेलं ते लांब पत्र, प्रेमाच्या कायद्याचं, याच दिवसांतलं आहे. सप्टेंबर १९१०. ढोंगी म्हणा हवं तर, मला तो त्या पत्रात फार एकटा वाटतो.

२७ ऑक्टोबरची रात्र. तो झोपला होता. मध्यरात्र उलटल्यावर दारं वाजली, पावलं ऐकू आली, अभ्यासिकेत उजेड आणि कागदांची सळसळ. ती शोधत होती, बहुधा मृत्युपत्रच. मग उजेड गेला. त्याला झोप येईना, मेणबत्ती लावून उठून बसला. तेवढ्यात दार उघडून तीच आत आली आणि विचारलं, तब्येत बरी आहे ना? त्यानं स्वतःची नाडी मोजली: ९७. ती गेल्यावर त्यानं पत्र लिहिलं. ४८ वर्षं प्रामाणिकपणे साथ दिलीस म्हणून आभारही मानलेत त्यात. डॉक्टरला आणि अलेक्झांड्राला उठवलं, तबेल्याकडे जाताना अंधारात झाडांवर आपटला, पडला, टोपी हरवली, पुन्हा घरात येऊन दिवा घेऊन गेला. ती जागी होऊन मागे येईल या भीतीनं लटपटत होता. हे सगळं त्यानं लिहून ठेवलंय. कशात? डायरीत.

पत्र मिळाल्यावर तिनं तळ्यात उडी घेतली, लोकांनी काढली. तोवर तो आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात न्यूमोनियाच्या वाटेवर होता. अस्तापोवोच्या स्टेशनमास्तरच्या घरात त्याला निजवलं. ती खास गाडी करून पोचली, तर मुलांनी आणि शिष्यांनी तिला आत सोडलं नाही. त्याला धक्का बसेल म्हणून. रुळावर उभ्या डब्यात ती राहिली. खिडकीशी चवड्यांवर उभं राहून आत डोकावणाऱ्या तिचा फोटो आहे. ७ नोव्हेंबरच्या पहाटे आत घेतलं, तेव्हा त्याची शुद्ध गेलेली होती.

मराठीत १९९०मध्ये सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा 'घरातलं बाहेर कशाला' म्हणणारे कमी नव्हते. माझ्या दुकानातच यावरून दोन गिऱ्हाइकांची जुंपली होती. तेव्हा मी गप्प बसले. आता म्हणेन, ज्या घरात एक माणूस सतत लिहीत असतो तिथं दुसऱ्याची बाजू कागदावर आली नाही तर ती राहूनच जाते.

तुमचा दुसरा प्रश्न, चूक कोणाची. मी मघाशी म्हटलं ती सोफियाची लघुकादंबरी, 'क्रॉइट्झर सोनाटा'चं उत्तर, तिचं नावच 'चूक कोणाची?' असं आहे. ती वारली १९१९ला. हे पुस्तक रशियात छापून आलं १९९४ला.